छताबाहेरची उत्तरं

माझ्या भाचीला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा तिला कसं वाटतंय ते मोजायला एक पोरगी यायची. मोजायला म्हणजे खरोखरच मोजायला. ताप मोजतात, वजन मोजतात, तसं हिचं जगणं मोजायचं. हातात कागद, कागदावर प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नासमोर पाच गोल तोंडं, पहिलं हसरं आणि शेवटचं रडकं. गेल्या आठवड्यात चालताना त्रास झाला का, झोप लागली का, काही खावंसं वाटलं का, भीती वाटली का. पोरानं आपलं तोंड शोधायचं आणि त्याच्यावर बोट ठेवायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एवढी शिकलेली माणसं, आणि पोराकडं बघून कळत नाही? डोक्यावर केस नाही, तोंड आलेलं, ओठ सोललेले, हातात सुई, आणि विचारायलेत काय, तर बाळा, कसं वाटतंय.

माझा स्वभावच तसा, नाकावर राग. पेडगावच्या शाळेवर मास्तरीण आहे, राहते परभणीत. शाळेत पोरं मला टरकून असतात आणि घरात आमचे हे. दिवाळीच्या सुट्टीत मी भाचीबरोबर लांबच्या मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेले होते, तेव्हा त्या प्रश्नवाल्या पोरीलाही सोडलं नाही. पण ती रागावली नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवून तिनं मला नीट समजावलं. रक्त सुधारतंय का ते मशीन सांगतं, पण पोर ते औषध कसं सोसायलंय हे मशीनला कळत नाही. ते पोरानंच सांगावं लागतं. मोठी माणसं पोराच्या वतीनं भलतंच सांगतात, म्हणून पोराला वेगळा कागद आणि आईला वेगळा. पोरानं अमुक दुखतंय म्हणून सांगितलं, तर डॉक्टर औषध कमी-जास्त करतात, दुखण्यावर गोळी देतात. नाही सांगितलं तर आहे तसंच चालू राहतं. हे मला पटलं. मुकाट्यानं "बरं बाई" म्हटलं आणि भाचीजवळ जाऊन बसले.

भाची दहा वर्षांची. माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक. चुडाव्याला त्यांचं घर, इतकं स्टेशनच्या जवळ की गाडी आली की भांडी वाजतात. मेव्हणे भिक्षुकी करतात. आसपासच्या गावातली लग्नं, सत्यनारायण, वास्तुशांती त्यांच्याकडंच. दवाखान्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये मायलेकी माझ्याकडं परभणीत राहायच्या, कारण पोरीला कधी ताप भरेल याचा नेम नव्हता आणि गावात धावून यायला डॉक्टर नाही. त्यामुळं ती पोर जवळजवळ वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती.

तर त्या दिवशी भाचीनं पहिल्या प्रश्नाला हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. दुसऱ्याला पण. तिसऱ्याला पण. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत बोट जाऊन बसायचं. शेजारच्या खुर्चीवर धाकटी तिचा कागद भरायली होती, तिचंही तेच. त्रास? कधीच नाही. भीती? कधीच नाही. प्रश्नवाली पोरगी एकदम खुश. म्हणाली, मावशी, इतके चांगले गुण इथं कुणालाच पडत नाहीत. आता, मी आयुष्यभर पेपर तपासलेत. शेजारी बसलेल्या दोघांचे पेपर तंतोतंत सारखे आले, आणि वर्गात कुणालाच न पडणारे गुण पडले, की मास्तरीण काय समजते? मी त्या पोरीला काही बोलले नाही. पण हा पेपर आधीच फुटलेला आहे हे मला कळून चुकलं.

घरी आल्यावर मी नजर ठेवली. मुंबईला गेलेल्या माझ्या लेकाच्या जुन्या खोलीत त्या दोघी झोपायच्या. भाची सकाळी फ्रॉकचं बटण लावायला बसायची आणि किती वेळ तशीच बसलेली दिसायची. बोटं बटणावरून घसरायची. मी "आण इकडं" म्हटलं की म्हणायची, राहू दे मावशी, मला येतंय. एकदा अंगणातून आत आली तर एका पायात चप्पल आणि दुसरा पाय मोकळा. चप्पल मागं दारात निसटून पडली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. दुपारी सगळ्यांचा डोळा लागला की ती पलंगावरून उतरून दोन्ही तळवे शहाबादी फरशीवर दाबून बसायची. थंडीचे दिवस, मला मोज्यातही पाय गारठल्यासारखे व्हायचे, आणि ही गार फरशी शोधायली. मी विचारलं, पाय आग मारायलेत का गं? तिनं स्वयंपाकघराकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई. बरं हाय."

स्वयंपाकघराकडं का पाहिलं, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही. घरात वाईट बोलू नये. वास्तू दिवसभर तथास्तु म्हणत असते, आणि आपलं वाईट बोलणं आणि तिचं तथास्तु एका वेळी पडलं तर ते खरं होतं. लहानपणापासून आम्ही हेच ऐकलं. मीठ संपत नाही, मीठ वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. आणि धाकटी तर वास्तुशांती करणाऱ्याच्याच घरात दिलेली. माझ्या घराची वास्तुशांतही मेव्हण्यांनीच केली, स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तूची प्रतिमा त्यांच्याच हातानं पुरलेली. मी या गोष्टी पाळते, पण पाळते म्हणजे काय, तोंडाला लगाम नाही त्यामुळं दिवसातून दहादा मोडते. आमचे हे मला म्हणतात, शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, त्यातली तू.

धाकटीनं मात्र हे दुखण्याला लावलं. घरात कॅन्सर म्हणायचं नाही, ताप म्हणायचं नाही, दुखतंय म्हणायचं नाही. केस गळाले नाहीत, उतरवले. पोरीला ओकारी आली तरी "पोट साफ झालं" म्हणायची. आल्यागेल्यानं विचारलं की एकच उत्तर, बरं हाय. पोरीनं तेच उचललं, आणि दवाखान्यातही तेच चालवलं. मला एकदा हळूच विचारलं सुद्धा, मावशी, दवाखान्याची वास्तू पण म्हणते का तथास्तु? मी म्हटलं, तिथं रात्रंदिवस इतकं कण्हणं चालू असतं की ती बिचारी कधीच बहिरी झाली असेल. ती हसली, पण खात्री काही पटली नाही तिची.

मी एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता धाकटीला धरलं. म्हटलं, पोरीचे पाय आग मारायलेत, बोटं चालंनात, आणि तुम्ही दोघी हसऱ्या तोंडावर बोटं ठेवून यायलात. डॉक्टरला स्वप्न पडणार आहे का? ती उलटणं टाकून एकदम माझ्या तोंडावर हात ठेवायला आली. इथं नको म्हणाली. मला अक्षरशः ओढत गच्चीवर नेलं. वाळवणाच्या दोरीखाली उभी राहून, वर एकदा आभाळ बघून घेतलं, आणि मग बोलली. आजार निघाला त्याच्या आधी शाळेच्या दिवशी पोरगी उठत नव्हती. अंग मोडून आलंय म्हणायली होती. धाकटीला वाटलं, शाळा बुडवायला सोंग करायलीय.

"मी म्हणलं, मग राहा झोपून जन्मभर. ताई, मी तवा स्वयंपाकघरात उभी होते. त्या कोपऱ्यापाशी."

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, अगं येडे, असं म्हणणाऱ्या आयांची पोरं झोपून राहायला लागली तर माझी शाळा एका दिवसात रिकामी होईल. मी माझ्या लेकाला काय काय बोलले नाही? मर, जा, तोंड दाखवू नको, सगळं बोलले, आणि तो मुंबईत दोन घास जास्तीचे खाऊन ढेरी वाढवायलाय. ती ऐकून घेत होती, पण तिच्या डोळ्यांत काही हललं नाही. एकदा चूक झाली, आता दुसऱ्यांदा तोंडातून वाईट जाऊ द्यायचं नाही, माझ्याही नाही आणि तिच्याही नाही, एवढंच तिनं धरलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर दोरीवरचे कपडे काढून खाली निघून गेली.

गच्चीवरून उतरताना माझ्या मनात आलं, की हिला बोलायला आभाळ लागलं. मग पोरीलाही आभाळच द्यावं. रविवारी भाचीला तोंडाला मास्क, डोक्याला स्कार्फ बांधून स्कूटीवर मागं बसवलं आणि पेडगावला माझ्या शाळेत नेलं. सुट्टी असल्यानं मैदानात कुणी नव्हतं. कडेला कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली सतरंजी टाकली. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, झाड चालतं का? मी म्हटलं, झाडाची वास्तुशांत तुझ्या बापानं केलीय का? मग चालतं.

कागद काही माझ्याजवळ नव्हता, पण प्रश्न मला पाठ झाले होते. एकेक विचारत गेले. आधी ती गवताच्या काड्या तोडत होती, मग बोलायला लागली, आणि एकदा लागली ती थांबेना. पायात जाळ होतो. रात्री चादर लागली तरी नको वाटते. चमच्यातलं सांडतं म्हणून भूक नाही म्हणते. जबड्यात कळ येते, म्हणून चावायचं काही नको वाटतं. दवाखान्याच्या गाडीत बसलं की सुई टोचायच्या आधीच मळमळतं. तिच्या पलंगाशेजारची पोरगी एक दिवस दिसली नाही, सगळे म्हणाले घरी गेली, पण तिच्या चपला पलंगाखालीच होत्या. हे सगळं तिनं उजळणी म्हटल्यासारखं सांगितलं, न रडता. त्या पाच तोंडांतलं शेवटचं तोंड मला दिसत होतं. मी विचारलं, मग आईला का सांगत नाहीस? वास्तूची भीती वाटते का? तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मी दुखायलंय म्हणलं की आई देवापुढं जाऊन कान धरती. लय वेळ धरती. म्हणून मी सांगत न्हाई."

म्हणजे तिच्या ते ध्यानात होतं. जन्मभर झोपून राहा हे, आणि त्याच्यानंतरचंही सगळं. आईनं कुठल्या पापाचे कान धरले होते ते पोरीला ठाऊक होतं, आणि आईला पुन्हा धरावे लागू नयेत म्हणून ती जाळ सोसायली होती. मी उठून स्कूटीकडं गेले आणि डिक्कीत काहीतरी शोधायचं सोंग केलं. लिंबाखाली ती तशीच बसली होती, पाय मातीत दाबून. निघताना तिनं मला शपथ घातली, हे आईला सांगायचं नाही. मी म्हटलं, आईला नाही सांगत, डॉक्टरला सांगते. त्याला ती कबूल झाली.

पुढच्या फेरीला मी शाळेत रजा टाकून गेले. प्रश्नवाल्या पोरीला बाजूला घेऊन म्हटलं, हिला आत विचारू नको, बाहेर घे. का ते सांगायला लागले तर तिला खरं वाटेना, पण पोरगी गुणाची. तिनं कागद घेतले आणि गाड्या लावायच्या जागेपलीकडं उन्हात कट्ट्यावर जाऊन बसली, भाचीला शेजारी घेऊन. मी लांब उभी राहिले. भाचीचं बोट यावेळी हसऱ्या तोंडाकडं गेलं नाही. खूप वेळ लागला त्यांना. परत आली तेव्हा त्या पोरीचं नाक लाल झालं होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी पाय तपासले, हातोडीनं ठोकून पाहिलं, टाचेवर चालायला लावलं. चालता येईना. त्यांनी एक इंजेक्शन कमी केलं, आगीवर गोळ्या दिल्या, आणि धाकटीकडं वळून म्हणाले, ताई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? ते रागावून बोलले नव्हते.  पण परतीच्या गाडीत ती माझ्याकडं पाठ करून खिडकीशी बसली.

गोळ्या लागू पडल्या. भाची रात्री झोपायला लागली, फरशीवर पाय ठेवून बसणं गेलं, आणि एक दिवस तिनं फ्रॉकची सगळी बटणं स्वतः लावली. मला वाटलं, जिंकलं आपण. पण धाकटीनं माझ्याशी अबोला धरला. एका घरात राहून, एका ताटलीतली चटणी घेऊन, माझ्याशी बोलायचं नाही. घरात भांडायचंही नाही ना, वाईट शब्द जायचा. माझ्यासारख्या बाईला शिव्या चालतात, अबोला चालत नाही. मी वाट बघायची की ही कधी भांडेल.

संक्रांतीनंतर आजार उलटला. रक्तात पुन्हा त्याच पेशी दिसल्या. डॉक्टरांनी दार लावून आम्हा तिघांना बसवलं, मेव्हण्यांना, धाकटीला आणि मला, आणि काहीच लपवलं नाही. आणखी जहाल औषध देता येईल, पण ती बरी होण्याची आशा फार थोडी, आणि जे दिवस उरतील ते बहुतेक दवाखान्यातच जातील. नाहीतर घरी न्या, दुखणार नाही एवढी काळजी आपण घेऊ. मेव्हण्यांनी विचारलं, पोरीला काय हवं ते तिला विचारलं का? डॉक्टर म्हणाले, विचारलं. तिला चुडाव्याला जायचंय.

बाहेर आल्यावर धाकटी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तू तिच्याकडून वदवून घेतलंस," म्हणाली. बस्स, एवढंच. मी कुणाचं ऐकून घेणारी नाही हे सगळ्या परभणीला माहीत आहे, पण त्या वेळी मी ऐकून घेतलं. तिचं खोटं आहे हे मला कळत होतं. तरीही आठ दिवस मला जेवण गेलं नाही.

चुडाव्याला घरी आणल्यावर पोरीची हाडं दुखायला लागली. डॉक्टरांनी दुखण्यावरचं कडक औषध दिलं होतं. नेमाचा डोस घड्याळावर द्यायचा, आणि मध्येच कळ उठली तर जास्तीचा द्यायचा. आता कळ उठली हे तिनं सांगितल्याशिवाय कसं कळणार? आणि ती तर घरात सांगणार नाही. पहिल्या दिवशीच तिनं बापाला म्हटलं, मला अंगणात न्या, गाड्या बघायच्यात. मेव्हण्यांनी बाज उचलून बाहेर टाकली. बाहेर गेल्या गेल्या ती म्हणाली, दुखायलंय. मेव्हण्यांनी औषध दिलं. असं ते सुरू झालं. दिवसातून कितीदा ती बाज आत-बाहेर व्हायची. गावातल्या लोकांना वाटायचं, पोरीला गाड्यांचा नाद. ज्यानं शेकडो घरांत वास्तू पुरली, तो माणूस पोरीला वास्तूपासून लांब न्यायला बाज उचलायला लागला. धाकटी आत देवापाशी बसून राहायची. बाहेर काय बोलणं होतं ते तिला कळत होतं, पण विचारायची नाही.

मग उन्हाळा आला. परभणीचा उन्हाळा मी काय सांगू, सकाळी दहाला अंगणातला दगड हात लावू देत नाही. ती बाज संध्याकाळशिवाय बाहेर काढता येईना. माझी शाळेला सुट्टी लागली आणि मी चुडाव्याला जाऊन राहिले.  दुपारी भाची भिंतीकडं तोंड करून पडायची आणि गोधडीचं टोक दातात धरायची. मी कानाशी जाऊन कितीदा म्हटलं, सांग मला, हळू सांग, नुसती मान हलव. ती डोळे मिटून घ्यायची. आम्ही अंदाजानं जास्तीचं औषध द्यायला बघायचो, तर आईकडं बघत तोंड घट्ट मिटायची. बरं हाय म्हणायची. दातात गोधडी धरून बरं हाय.

त्या दुपारी मेव्हणे लग्न लावायला गेले होते. घरात आम्ही तिघीच. भाचीनं आईला विचारलं, आई, ऊन उतरलं का? धाकटी म्हणाली, नाही बाळा, आत्ताशी जेवणं झालीत. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, ऊन उतरलं का? नाही गं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज कसा तरीच निघाला. धाकटी भांडी आवरायली होती. तिच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. दारातून पांढरंफटक ऊन आत आलं होतं. ती त्या उन्हाकडं बघत राहिली. पोरगी कशाची वाट बघायलीय ते तिला कधीपासून माहीत होतं, पण माझ्या मते तिनं ते ऐकलं त्या दिवशी.

ती पातेलं ठेवून आली आणि बाजेच्या काठावर बसली. मी उठायला लागले तर हातानंच मला बसवलं.

"उन्हाचं राहू दे," म्हणाली. "दुखायलंय का?"

भाचीनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग आईकडं.

"वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू दे," धाकटी म्हणाली. "मी इचारायली. मला सांग."

 मग पोरगी म्हणाली, "लय दुखायलंय, आई."

आणि हे म्हणून ती आईच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागली. मला कळलं ती काय बघायलीय. देवघर चार पावलांवर होतं. आई उठते का, जाऊन कान धरते का, एवढंच ती बघत होती. धाकटी उठली नाही. कुठं दुखतंय ते विचारलं, गुडघ्यापाशी का मांडीत ते विचारलं, स्वतःच्या हातानं औषध मोजून पाजलं, आणि पोरीचा डोळा लागेपर्यंत तिथंच बसून राहिली. मी मागच्या दारी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. त्या दिवशी धाकटीचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या पोटच्या लेकाचा कधी वाटला नाही.

त्यानंतर धाकटी रोज स्वतः विचारायची, तिथंच, छताखाली, सगळ्यांसमोर. पोरगी सांगायची. कधी मांडी, कधी पाठ, कधी भीती वाटायलीय म्हणायची, आणि कसली ते दोघींनाच माहीत. रात्री मेव्हणे ऐकायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. उत्तरं सगळी वाईटच होती. पण औषध वेळेवर पोटात जायचं, आणि गोधडीचं टोक दातातून सुटलं होतं.

मृगाच्या आधी एका सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि जरा गार वारं सुटलं होतं. पोरगी जागी झाली आणि दहीभात मागितला. धाकटीनं मऊ कालवून आणला. दोन-तीन घास खाल्ले असतील. धाकटीनं नेहमीसारखं विचारलं.

"आज बरं हाय," ती म्हणाली.

धाकटीचा घास हातात थांबला. "खरं सांगायलीस?"

"खरं. पाय दुखायलेत. पण आज बरं हाय."

धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. वर्षभर आम्ही हेच दोन शब्द ऐकत आलो होतो आणि आमच्यातल्या कुणीही ते कधी खरे मानले नव्हते. त्या सकाळी आम्ही दोघींनी मानले. धाकटीनं राहिलेला भात मला दिला, आणि पोरीचे पाय मांडीवर घेऊन ती हळूहळू चोळत बसली. त्याच आठवड्यात पोरगी गेली.